निषेधगीताचे सत्य : ‘कोर्ट’ आणि ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटांच्या संदर्भात एक विवेचन

१

निषेधाच्या गीतासंबंधी मराठी समीक्षेत जी चर्चा होत आली, ती बहुतांशी ‘कला की प्रचार’ या एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहिली. गीत प्रचारी ठरले की ते वाङ्मयाच्या प्रांतातून वगळावयाचे, आणि ते कलापूर्ण ठरले तर त्यातील निषेधाकडे काणाडोळा करावयाचा, अशी एक सोयीची वाटणी या चर्चेतून रूढ झाली. तिच्यामुळे त्याहून अधिक मूलगामी असा प्रश्न बाजूला पडला. अमुक गीत ‘खरे’ आहे असे जेव्हा श्रोते म्हणतात, तेव्हा ते त्या गीतातील कोणत्या अंगाविषयी बोलत असतात ? गीतातील विधाने वस्तुस्थितीशी जुळतात, एवढाच त्याचा अर्थ असतो काय ? की गाणाऱ्याची निष्ठा खरी आहे, असे त्यांना म्हणावयाचे असते ? की या दोहोंपेक्षा निराळा असा सत्याचा एखादा प्रकार तेथे अभिप्रेत असतो ?

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. गीताचा अर्थ कोणता, हे ठरविण्याचा अधिकार जेव्हा न्यायासनाकडे जातो तेव्हा गाणाऱ्याचे स्वातंत्र्य त्या अर्थनिर्णयावर अवलंबून राहते. महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष घडलेले आहे. यास्तव या प्रश्नाचा विचार करण्यास दोन चित्रपट विशेष उपयुक्त ठरतात. पहिला, आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा अनुबोधपट. दुसरा, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा कथापट. ‘कोर्ट’ प्रथम २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला, एप्रिल २०१५ मध्ये भारतात प्रदर्शित झाला आणि त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोहोंच्या केंद्रस्थानी आंबेडकरी परंपरेतील शाहीर आहे, दोहोंत एका मृत्यूचा अर्थ लावण्याचा प्रयत्न आहे, आणि शाहीर संभाजी भगत यांचा दोहोंशी संबंध आहे. पटवर्धनांच्या चित्रपटात ते स्वतः दिसतात, तर ताम्हाण्यांच्या चित्रपटातील शाहिराची गीते त्यांची आहेत. प्रथम कथापटाचा विचार करणे सोयीचे होईल, कारण अर्थनिर्णयाचा प्रश्न त्यात उघडपणे मांडलेला आहे.

२

‘कोर्ट’चे कथानक थोडक्यात असे : नारायण कांबळे हा उतारवयाकडे झुकलेला शाहीर मुंबईतील एका वस्तीत गात असता त्यास अटक होते. आरोप असा की, त्याने गायिलेल्या एका गीतात मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारांनी गटारात गुदमरून मरावे असे आवाहन होते, आणि ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने आत्महत्या केली. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०६ अन्वये, म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल, त्याच्यावर खटला उभा राहतो. (या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ ने घेतली आहे, शिक्षेची दहा वर्षांची कमाल मर्यादा तीच राहिली.)

येथे प्रथम लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, ज्या गीतावर सारा खटला उभा आहे ते गीत प्रेक्षकास ऐकावयास मिळत नाही. कांबळेची इतर गाणी चित्रपटात आहेत, हे नाही. गीताचा केवळ गद्य अनुवाद, तोही फिर्यादी पक्षाच्या भाषेतला, न्यायालयात वावरतो. चाल, ताल, डफ, झीलकऱ्यांची साथ, समोरचा समाज हे सर्व गळून पडले आहे, आणि उरले आहे ते एक आज्ञार्थी क्रियापद. दिग्दर्शकाने हे हेतुपुरस्सर केले असावे, असे म्हणावयास जागा आहे. कारण त्यामुळे प्रेक्षक न्यायाधीशाच्याच जागी येऊन बसतो, आणि संदर्भाविना अर्थ ठरविण्याची वेळ त्याच्यावरही येते.

आज्ञार्थी वाक्याचा अर्थ नेहमी आज्ञाच असतो काय, हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्रास नवा नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त प्रतीयमान अर्थ वाच्यार्थाहून भिन्न असतो हे सिद्ध करताना जे पहिले उदाहरण घेतले, ते नेमके याच स्वरूपाचे आहे. गोदावरीकाठच्या कुंजात फुले तोडावयास येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थास एक स्त्री सांगते की, आता निर्धास्तपणे हिंडा, तुम्हास त्रास देणारा तो कुत्रा तिथल्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारला. वाक्य विधिरूप आहे, पण त्याचा अर्थ निषेधरूप आहे. कुत्र्यास भिणाऱ्या मनुष्यास सिंहाची वार्ता देऊन ‘खुशाल हिंडा’ म्हणणे, म्हणजे ‘पाऊलसुद्धा टाकू नका’ असे म्हणणे होय. ही गाथा महाराष्ट्री प्राकृतातील असून हालाच्या ‘गाथासप्तशती’त आढळते, ही गोष्ट प्रस्तुत संदर्भात निरर्थक नाही. विधीच्या रूपाने निषेध व्यक्त करण्याची युक्ती या भूमीच्या लोकवाणीत किमान दीड हजार वर्षांची आहे.

मॅनहोल कामगारास ‘गटारात गुदमरून मर’ असे सांगणारे गीत कोणी रचलेच, तर त्याची अर्थप्रक्रिया याहून निराळी असणार नाही. जो मनुष्य रोज गुदमरण्याच्या कामावरच पाठविला जातो, त्यास गुदमरावयास सांगणे ही आज्ञा नव्हे ; त्यास तेथे पाठविणाऱ्यांवर केलेला तो आरोप आहे. वाच्यार्थाने श्रोता कामगार आहे, पण व्यंग्यार्थाने ‘बोद्धव्य’ नगरव्यवस्था आहे. मम्मटाने आर्थी व्यंजनेची जी निमित्ते सांगितली, त्यांत वक्ता, बोद्धव्य, काकू, प्रस्ताव, देश, काळ इत्यादींचा समावेश होतो. सरकारी पक्षाने केले ते इतकेच की, ही निमित्ते एकामागून एक काढून घेतली आणि मग उरलेल्या वाच्यार्थास ‘खरा अर्थ’ म्हटले.

येथे एक आक्षेप संभवतो. न्यायालयाने व्यंजनाव्यापार मान्य करावा ही अपेक्षाच अवास्तव आहे. न्यायालय पुराव्यावर, म्हणजे अनुमानावर चालते, असे कोणी म्हणेल. परंतु ध्वनिसिद्धान्ताचा कठोर टीकाकार जो महिमभट्ट, त्याने ‘व्यक्तिविवेका’त हेच उदाहरण घेऊन येथे ध्वनी नसून अनुमान आहे असे प्रतिपादिले, तरी निषेधाचा अर्थ त्याने नाकारला नाही. वाद अर्थ कोणत्या मार्गाने कळतो याविषयी होता. अर्थ कोणता, याविषयी नव्हता. तात्पर्य, अनुमानवादीसुद्धा वाच्यार्थापाशी थांबत नाही. प्रत्यक्ष न्यायव्यवहारही तसा थांबत नाही, निदान थांबू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. रमेशकुमार विरुद्ध छत्तीसगढ राज्य (२००१) या खटल्यात, रागाच्या भरात आणि परिणाम अभिप्रेत नसता उच्चारलेल्या शब्दांस चिथावणी म्हणता येणार नाही, असा निर्वाळा देण्यात आला. शब्दामागील अभिप्राय पाहिल्याशिवाय शब्दाचा गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व कायद्यास परके नाही.

बचावाचा दुसराही एक मार्ग आहे, आणि तो वरकरणी अधिक सोपा दिसतो. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे म्हटले आहे की, रंगभूमीवर वा कवितेत उच्चारलेली वचने विशेष अर्थाने पोकळ असतात ; नित्याच्या व्यवहारातील वचनांवर ती बांडगुळासारखी जगतात. हे मत स्वीकारल्यास शाहीर निर्दोष ठरतो. ते केवळ गाणे होते, त्याचे काय मनावर घ्यायचे, असे म्हणून सुटका होते. पण या सुटकेची किंमत फार मोठी आहे, कारण तिच्यात गीत निरपराध ठरते ते निरर्थक ठरूनच. ‘कोर्ट’मधील नारायण कांबळे ही सवलत घेत नाही. ते विशिष्ट गीत आपले असल्याचे तो नाकारतो, परंतु तसे गीत रचण्यात काही गैर आहे असेही तो मान्य करीत नाही. त्याच्या या पवित्र्याचा अर्थ चित्रपटात कोणी समजावून सांगत नाही. तो असा दिसतो : वाच्यार्थाची जबाबदारी शाहिरावर लादता येणार नाही, पण व्यंग्यार्थाची जबाबदारी तो झटकणार नाही. निषेधगीताच्या सत्याचे पहिले लक्षण येथे हाती लागते. सूचित अर्थामागे उभे राहण्याची गाणाऱ्याची तयारी, हे ते लक्षण होय.

३

‘कोर्ट’ हा बहुभाषिक चित्रपट आहे, आणि त्यातील भाषांची वाटणी हा त्याच्या आशयाचाच भाग आहे. शाहीर आणि मृताची पत्नी मराठी बोलतात. बचावाचे वकील विनय व्होरा गुजराती घरातील. न्यायालयात त्यांना हिंदी वा इंग्रजी सोयीची. सरकारी वकील नूतन घरी मराठी बोलतात, पण कलमे वाचताना इंग्रजीत शिरतात, आणि ते वाचन इतके अखंड व यांत्रिक असते की वाक्यांतून अर्थ निथळून जाऊन केवळ नाद उरतो. न्यायाधीश सदावर्ते सर्वांचे ऐकतात, आणि मग जे ऐकले त्याचा इंग्रजी सारांश लघुलेखकास सांगतात. कागदावर जाते ते हे शेवटचे रूप. बोललेले वाक्य आणि नोंदलेले वाक्य यांच्यामध्ये दर वेळी एक भाषा बदलते, एक काकू हरवते, एक वक्ता गळतो. या प्रक्रियेत कोणी खोटे बोलत नाही. असत्य निर्माण होते ते कोणाच्या लबाडीतून नव्हे, तर भाषांतराच्या नित्य दिनक्रमातून, हे चित्रपटाने कोणताही आविर्भाव न करता दाखविले आहे.

या पार्श्वभूमीवर शर्मिला पवार हिच्या साक्षीचा प्रसंग पाहावा. उषा बाणे यांनी ती भूमिका केली आहे, आणि त्यांच्या बोलण्यात अभिनयाचा लवलेश जाणवत नाही. ही साक्ष म्हणजे चित्रपटाचा गाभा होय. प्रश्नांना ती तुटक, सपाट उत्तरे देते. नवरा आत्महत्येविषयी कधी बोलला नव्हता. वास सोसावा म्हणून तो दारू पीत असे. गटारातील वायूने त्याचा एक डोळा गेला होता. सुरक्षेची साधने त्यास दिली जात नव्हती. आणि उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजून उतरे.

या शेवटच्या तपशिलाचे महत्त्व विशेष आहे. ज्या प्रदेशातून नगरपालिकेची सारी शास्त्रीय साधने गैरहजर आहेत, तेथे एक निरक्षरप्राय कामगार स्वतःचे अनुमानशास्त्र उभारतो. झुरळ हे त्याचे लिंग, श्वास घेता येईल अशी हवा हे साध्य. न्यायशास्त्रातील धूमाग्नीच्या दृष्टान्ताइतकेच ते शुद्ध आहे, फक्त येथे व्याप्ती चुकली तर प्राण जातात. जो मनुष्य उतरण्यापूर्वी खडा टाकून पाहतो तो मरावयास निघालेला नसतो, हा निष्कर्ष त्या बाईच्या तोंडी कोठेही घातलेला नाही. तो ऐकणाऱ्याने काढावयाचा आहे. म्हणजे ज्या न्यायालयात शाहिराच्या गीताचा व्यंग्यार्थ नाकारला जातो, त्याच न्यायालयात सर्वांत निर्णायक सत्य व्यंग्यार्थानेच प्रकट होते. पुढे वकील तिला घरी सोडावयास जातात व पैसे देऊ करतात, तेव्हा ती पैसे घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. या ठिकाणीही चित्रपट भाष्य करीत नाही.

या साक्षीमागील वस्तुस्थिती काल्पनिक नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने गटारात विनासाधन उतरविण्यासही बंदी आली. ‘कोर्ट’ पूर्ण होत होता त्याच वर्षी, २७ मार्च २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाखांपर्यंत वाढविण्यात आली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. ‘गटारात मर’ हे वाक्य शाहिराच्या तोंडी गुन्हा ठरते, आणि तीच गोष्ट नित्य व्यवहारात विनाशब्द घडते तेव्हा ती अपघात ठरते. या विसंगतीकडे बोट दाखविणे, हे त्या न ऐकलेल्या गीताचे प्रयोजन असणार.

४

‘जय भीम कॉम्रेड’मध्ये क्रम उलटा आहे. तेथे गीत ऐकू येते आणि मृत्यू खरा आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे आढळून आले. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला व त्यात दहा जण मृत्यू पावले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत आत्महत्या केली. घोगरे हे ‘आव्हान नाट्य मंच’ या डाव्या कलापथकातील गायक. झोपडपट्ट्यांच्या पाडापाडीवरील ‘हमारा शहर’ (१९८५) या पटवर्धनांच्या पूर्वीच्या चित्रपटातही त्यांचे गाणे होते. मृत्यूसमयी मार्क्सवादी असलेल्या या शाहिराने कपाळास निळे वस्त्र बांधले होते. लाल नव्हे, निळे. या एका चिन्हाचा उलगडा करण्यासाठी दिग्दर्शकाने पुढील चौदा वर्षे चित्रण केले.

‘कोर्ट’मध्ये गीतामुळे एक श्रोता मेला असा खोटा आरोप आहे, येथे गोळीबाराच्या बातमीने एक गायक मेला, हे सत्य आहे. पहिल्या ठिकाणी अर्थ लावणारी संस्था घाईने अर्थ लावते. दुसऱ्या ठिकाणी अर्थ लावणारा कलावंत चौदा वर्षे थांबतो, माणसांना भेटतो, सभा, मोर्चे व निवडणुका पाहतो, आणि अखेरीसही एकच एक उत्तर देत नाही. वर्ग आणि जात, लाल आणि निळा, यांच्यातील जो तिढा घोगऱ्यांच्या जीवनात होता, तो चित्रपट सोडवून दाखवीत नाही. आत्महत्येस हुतात्म्याचे तेज चढविण्याचा मोह टाळणे, हा या संयमाचाच एक भाग होय.

अनुबोधपटाच्या सत्यासंबंधी एक भाबडी समजूत अशी असते की, कॅमेऱ्यासमोर जे घडले ते आपोआप सत्य. पटवर्धनांची रीत तशी नाही. गोळीबाराच्या समर्थनार्थ पोलिसांनी असे सांगितले होते की, जमाव ज्वालाग्राही वायूचे टँकर पेटविण्याच्या बेतात होता. चित्रपट हे कथन बाजूस सारीत नाही ; तो ते तपासतो. टँकर कोठे होते, गोळ्या कोठे झाडल्या गेल्या, मृत माणसे कोठे पडली, याची तो स्थळकाळाशी ताडून छाननी करतो. गीत आणि छाननी यांची ही सांगड हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य आहे. शाहिराचा शोक जेथे उंचावतो, तेथेच दिग्दर्शक मोजपट्टी हातात घेतो. त्यामुळे शोकास पुरावा मिळतो, व पुराव्यास आवाज मिळतो.

चित्रपटाच्या उत्तरार्धात पुण्याच्या ‘कबीर कला मंच’चे तरुण येतात. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर उभा राहिलेला हा गट. शीतल साठे यांचा आवाज आणि त्यांच्या आईचे साधे, अभिमानयुक्त बोलणे प्रेक्षकाच्या मनात घर करते. चित्रपट संपण्याच्या सुमारास हे गायक अटकेच्या भयाने भूमिगत झालेले असतात. पुढचा इतिहास चित्रपटाबाहेरचा आहे. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे व सचिन माळी मुंबईत विधानभवनाबाहेर स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. गरोदर असलेल्या शीतल साठे यांना त्याच वर्षी जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. माळी, सागर गोरखे व रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळावयास जानेवारी २०१७ उजाडला. सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे व गायचोर यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात पुन्हा अटक झाली.

‘कोर्ट’च्या अखेरीकडे नारायण कांबळे जामिनावर सुटतो आणि बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पुन्हा पकडला जातो. २०१५ मध्ये हा भाग काही प्रेक्षकांस अतिरंजित वाटला असल्यास नवल नाही. कवी जे घडले ते सांगत नाही, जे संभाव्य ते सांगतो, म्हणून काव्य इतिहासाहून अधिक तात्त्विक असते, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. येथे काव्याने सांगितलेली संभाव्यता पाच वर्षांनी इतिहासात उतरली. कथापटाचे सत्य आणि अनुबोधपटाचे सत्य यांतील अंतर महाराष्ट्राच्या प्रत्यक्ष व्यवहाराने असे मिटवून टाकले, ही समाधानाची बाब खचितच नव्हे.

५

निषेधाचे बोल लोकप्रिय चित्रपटात शिरले की त्यांचे काय होते, याचेही एक उदाहरण तुलनेसाठी घ्यावयास हवे. ‘आझादी’ ही घोषणा उपखंडातील स्त्रीचळवळीत वाढली. भारतात ती रुजविण्याचे श्रेय कमला भसीन यांना दिले जाते. २०१६ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कन्हैया कुमार यांच्या तोंडून ती देशभर पोचली. डब शर्मा या संगीतकाराने तिचे गीत केले, आणि त्याची बदललेली आवृत्ती झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ (२०१९) या मुंबईच्या रॅप गायकांवरील चित्रपटात आली.

व्याकरणदृष्ट्या ‘आझादी’ हे सापेक्ष नाम आहे. ‘कशापासून ?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज त्याचा अर्थ पुरा होत नाही. हिंदीतील ‘से’ या प्रत्ययाने दाखविले जाणारे अपादान हा त्या घोषणेचा कणा होय. विद्यापीठातील आवर्तनात ही अपादाने नेमकी होती. त्यांत मनुवाद होता, ब्राह्मणवाद होता, विशिष्ट संघटना होती. चित्रपटातील आवृत्तीत ही नावे गळली, आणि त्यांची जागा ज्यांना कोणाचाच विरोध नसतो अशा सामान्य दुःखांनी घेतली. लय तीच राहिली, त्वेष तोच राहिला, किंबहुना वाद्यमेळामुळे तो वाढला. परंतु अपादान सामान्य झाले की प्रतिपक्ष नाहीसा होतो. ज्यास प्रतिपक्ष नाही अशा विधानाचे कोणी खंडन करू शकत नाही, आणि ज्याचे खंडन होऊ शकत नाही ते खरे ठरण्याची शक्यताही गमावते. ‘गली बॉय’मधील गायकांची तळमळ खोटी आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र निष्ठेचा खरेपणा हा गीताच्या खरेपणास पुरेसा नसतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

याउलट अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड पाहावी. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभारणाऱ्या अण्णा भाऊंनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गायिलेली ही रचना वाच्यार्थाने गावी राहिलेल्या प्रियेची विरहकथा आहे. पण विरह कोणाचा, हे ती शेवटी संदिग्ध ठेवीत नाही. सीमेवर तुटलेल्या मुलखाची नावे घेऊन ती व्यंग्यार्थ जमिनीवर उतरविते. रूपक असूनही अपादान नेमके आहे. व्यंजना आणि नेमकेपणा यांत विरोध नाही, हे या परंपरेने फार पूर्वी दाखवून दिले होते.

६

दोन्ही चित्रपटांतील उणिवांची नोंद केल्यावाचून हे विवेचन एकांगी होईल. ‘कोर्ट’चा कॅमेरा वकिलांच्या व न्यायाधीशांच्या मागे त्यांच्या खाजगी जीवनात जातो : व्होरांचे आईवडिलांबरोबरचे जेवण, नूतनबाईंचा स्वयंपाक व परप्रांतीयांची टवाळी करणारे नाटक, सदावर्त्यांची सुटीतील सहल. शाहीर मात्र मुलांस शिकविताना, गाताना, छापखान्यात आणि आरोपीच्या जागी दिसतो. घरी दिसत नाही. ज्याचे सत्य पणास लागले आहे त्याच्याच अंतर्जीवनास चित्रपट पारखा राहतो, असा आक्षेप रास्त आहे. त्यास उत्तर एवढेच देता येईल की, न्यायव्यवस्था त्यास ज्या रूपात पाहते तेवढेच रूप दाखविण्याचा हा परिणाम असावा. तरीही उणीव ती उणीवच. ती काही अंशी भरून निघते ती वीरा साथीदार यांच्यामुळे. नागपूरचे हे कार्यकर्ते व ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक एप्रिल २०२१ मध्ये कोविडने निवर्तले. त्यांच्या मुद्रेवरील निर्विकार थकवा हा नटाने कमावलेला नव्हता.

‘जय भीम कॉम्रेड’मधील उणीव निराळी आहे. अनेक गीते त्यात खंडशः येतात. शाहिरी ही कालाधीन कला आहे. शाहिराने ओळ टाकावयाची, झीलकऱ्यांनी ती उचलावयाची, मग समाजाने मान डोलवावयाची, या पुनरावृत्तीतून तिचा अर्थ घट्ट होतो. संकलनाच्या कात्रीत ही पुनरावृत्ती सापडते तेव्हा शब्द पोचतो, पण झील पोचत नाही. आणि झील हा केवळ सांगीतिक अलंकार नव्हे. न्यायालयात साक्षीदार एकेक करून बोलावले जातात. शाहिराच्या फडात सारे साक्षीदार एकदम हजर असतात, आणि झील ही त्यांची संमती असते. गीतातील विधान त्यांच्या अनुभवाशी जुळत नसेल तर ती संमती मिळत नाही, मग शाहिराचा आवाज कितीही पहाडी असो.

येथवरच्या विवेचनावरून निषेधगीताच्या सत्याची तीन अंगे सांगता येतात. त्याचा व्यंग्यार्थ नेमका असावा लागतो, म्हणजे कोणाविरुद्ध आणि कशापासून, हे त्यातून निश्चित व्हावे लागते. त्या व्यंग्यार्थामागे उभे राहण्याची गाणाऱ्याची तयारी असावी लागते. आणि ज्यांचे दुःख गायिले जाते, त्यांची झील त्यास मिळावी लागते. यांतील पहिले अंग ‘गली बॉय’मधील घोषणेत लोपले, दुसऱ्याची कसोटी नारायण कांबळेच्या जबानीत लागते, आणि तिसऱ्याचा प्रत्यय पटवर्धनांच्या चित्रपटातील वस्त्यावस्त्यांत येतो. ‘कला की प्रचार’ हा प्रश्न या तिन्हींपैकी एकासही स्पर्श करीत नाही. म्हणून तो सोडून देण्यास समीक्षेने आता हरकत घेऊ नये.

वासुदेव पवाराने आत टाकलेल्या खड्यास जबाबदारीचे उत्तर देणारे कोणी नव्हते. झुरळे मात्र होती. ज्या समाजात हवा आहे की नाही हे झुरळांवरून ओळखावे लागते, तेथे शाहिराच्या शब्दाचा अर्थ केवळ कोशावरून लावणाऱ्या न्यायासनास, आणि तो केवळ छंदोवृत्तांवरून लावणाऱ्या समीक्षेसही, अद्याप पुष्कळ शिकावयाचे आहे.